उशाशी आलेले यंत्र : निद्रा, श्वास आणि रात्रीच्या शिस्तीचा इतिहास #थ्रेड

१/ आमच्या साताऱ्याच्या घरी गेल्या वर्षी एक यंत्र आले आणि साडेतीन महिने लोखंडी कपाटात पडून राहिले. आकाराने विटेहून थोडे मोठे. त्याला पुरुषभर लांबीची नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मुखवटा. डॉक्टरांनी बाबांना ते दररोज रात्री लावून निजायला सांगितले होते. बाबा ते लावत नव्हते. आजचा थ्रेड या यंत्राच्या, म्हणजे सीपॅपच्या इतिहासाविषयी आहे. ते कपाटातून उशाशी कसे आले, हेही त्यात ओघाने येईल.

२/ प्रथम आजार समजून घेऊ. निद्रेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत ते इतके सैलावतात की श्वासमार्गच मिटतो. छाती हवा ओढू पाहते, पण वाट बंद असते. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, मोठा घोरण्याचा आवाज होऊन वाट उघडते आणि मनुष्य पुन्हा झोपी जातो. तीव्र आजारात हे तासाला तीसहून अधिक वेळा घडते. यालाच स्लीप ॲप्निया म्हणतात. ॲप्निया या ग्रीक शब्दाचा अर्थच श्वासाचा अभाव.

३/ इतिहासाच्या विद्यार्थिनीला या आजारात एक गोष्ट विलक्षण वाटते. रुग्ण स्वतःच्या आजाराचा साक्षीदार नसतो. रात्री आपण शंभरदा गुदमरलो याची त्याला सकाळी आठवण नसते. तो सांगतो ते एवढेच : डोके जड आहे, दिवसा डोळा लागतो, चिडचिड होते. खरा साक्षीदार शेजारी झोपणारा माणूस. आमच्या घरी आई. तिची साक्ष कित्येक वर्षे "तुझे बाबा घोरतात" या एका वाक्यात निकालात निघत होती.

४/ म्हणूनच हा आजार शतकानुशतके समाजाच्या डोळ्यांसमोर राहूनही वैद्यकाच्या नजरेला पडला नाही. तो विनोदात सापडतो. चार्ल्स डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स' या १८३६-३७ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत ज्यो नावाचा लठ्ठ पोरगा आहे. तो कामाच्या मधोमध, उभ्या उभ्यादेखील झोपतो. वाचक हसत राहिले. आपल्याकडे कुंभकर्णाचे नाव घेऊन तेच हसू पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. झोपाळू माणूस आळशी, खादाड आणि हास्यास्पद, हे समीकरण दोन्हीकडे सारखेच.

५/ १९५६ मध्ये अमेरिकन वैद्य बरवेल आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. हा अतिस्थूल गृहस्थ पत्ते खेळत असता हातात फुल हाउस, म्हणजे तीन एक्के आणि दोन राजे असतानाही झोपी गेला आणि हाती आलेला डाव घालवून बसला. त्यानंतर तो रुग्णालयात दाखल झाला. वैद्यांनी ज्योची आठवण ठेवून या अवस्थेला 'पिकविकियन सिंड्रोम' म्हटले. आजाराला नाव मिळाले खरे. पण ते एका विनोदी पात्राचे होते, आणि झोपेत नेमके काय घडते हे अद्याप कोणी पाहिलेच नव्हते.

६/ पाहण्याची साधने मात्र तयार होत होती. जर्मनीतील हान्स बर्गरने १९२९ मध्ये मानवी मेंदूच्या विद्युत्‌लहरींचे आलेख प्रसिद्ध केले. १९५३ मध्ये शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतील जलद नेत्रहालचालींचे वर्णन केले. झोप म्हणजे दिवा मालवल्यासारखी एकसंध अवस्था, ही समजूत मोडली. अखेर १९६५ मध्ये फ्रान्समधील गास्तो आणि सहकारी, तसेच जर्मनीतील युंग आणि कूलो, अशा दोन गटांनी स्वतंत्रपणे रात्रभर आलेख घेतले. श्वास पुनःपुन्हा थांबतो आहे, हे त्यात दिसले. दिवसाच्या पेंगेचे मूळ रात्रीत सापडले.

७/ पुढील दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तियान गिल्मिनो आणि विल्यम डिमेंट यांनी या विकाराला स्लीप ॲप्निया हे नाव रूढ केले. तो केवळ स्थूल माणसांना होतो असे नाही, हेही पुढे आले. नावातून पिकविक गेला, हे मला महत्त्वाचे वाटते. थट्टेचे नाव गेल्याशिवाय आजार सन्मानाने सांगता येत नाही.

८/ निदान झाले, पण उपाय? १९६९ मध्ये कूलो आणि सहकाऱ्यांनी रुग्णांवर ट्रॅकिओस्टोमी केल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे गळ्याला समोरून छिद्र पाडून त्यात नळी बसवणे. दिवसा बूच लावायचे, रात्री उघडायचे. घशातला मिटणारा भाग टाळून हवा थेट श्वासनलिकेत जाई. उपाय परिणामकारक होता. माणसे वर्षांनंतर प्रथमच शांत झोपली. पण त्यासाठी गळ्यात उघडे छिद्र घेऊन जगावे लागे. ते रोज स्वच्छ ठेवायचे, पाण्यापासून जपायचे. तीव्र आजार असणाऱ्यांपुढे दीर्घकाळ हाच मुख्य खात्रीचा मार्ग होता.

९/ आता सिडनीकडे वळू. कॉलिन सलिव्हन हे ऑस्ट्रेलियन वैद्य कॅनडातील टोरांटो येथे एलियट फिलिप्सन यांच्याबरोबर झोपेतील श्वसनाचा अभ्यास करून आले होते. तेथील प्रयोग कुत्र्यांवर चालत. सिडनीला परतल्यावर त्यांच्यासमोर अशा रुग्णांचा प्रश्न आला, ज्यांना ट्रॅकिओस्टोमीखेरीज दुसरा उपाय सांगता येत नव्हता.

१०/ जून १९८०. बांधकामावर काम करणारा एक रुग्ण सलिव्हनांकडे होता. आजार अत्यंत तीव्र. गळ्याला छिद्र पाडून घ्यायला त्याची तयारी नव्हती; मात्र एका रात्रीच्या प्रयोगाला तो राजी झाला. कल्पना साधी होती. नाकावाटे सतत थोड्या दाबाने हवा सोडली, तर ती हवाच आतून टेकू देऊन घसा उघडा ठेवील. दाब वाढवला तसा श्वास मोकळा झाला आणि तो मनुष्य गाढ झोपेत गेला. दाब उतरवला की वाट मिटे, चढवला की उघडे. सकाळी तो उठला तेव्हा ताजातवाना होता.

११/ एप्रिल १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सलिव्हन, इसा, बर्थन-जोन्स आणि ईव्हज यांचा लेख आला. रुग्ण अवघे पाच. लागलेला दाब ४.५ ते १० सेंटिमीटर पाण्याइतका. पेल्यातील पाण्यात बोटभर बुडवलेल्या नळीतून बुडबुडे काढायला जितके फुंकावे लागते, साधारण तितकाच. इतक्या अल्प दाबाने गळ्यावरची शस्त्रक्रिया टळू शकत होती. येथे एक गैरसमजही दूर करतो : हे यंत्र प्राणवायू पुरवत नाही, ते खोलीतलीच हवा गाळून दाबाने सोडते.

१२/ शोधाची कथा बहुधा येथे संपवली जाते. वाचकहो, माझ्या मते खरा इतिहास येथे सुरू होतो. हवेचा प्रश्न एका रात्रीत सुटला. उरलेला प्रश्न होता तो रोजच्या रात्रींचा. प्रारंभीचे मुखवटे प्रत्येक रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन घडवलेले असत. ते रोज रात्री सिलिकॉनच्या खळीने चेहऱ्यावर चिकटवायचे आणि रोज सकाळी सोलून काढायचे. हवा सोडायला व्हॅक्यूम क्लिनरचा पंखा उलट्या कामाला जुंपलेला. त्या घरघरीत त्या पहिल्या माणसांनी झोप घेतली.

१३/ क्षणभर त्यांची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. जेवण, आवराआवर, मग आरशासमोर बसून खळ कालवणे, मुखवटा दाबून धरणे, खळ सुकेपर्यंत थांबणे. कोणत्याही कर्मकांडाला लाजवील असा नेम. तरीही त्यांनी तो पाळला, कारण पलीकडे गळ्याचे छिद्र होते. आजच्या रुग्णापुढे तो पर्याय उभा नसतो. म्हणून, विचित्र वाटेल, पण यंत्र सुखकर होत गेले तसा ते लावण्याचा निश्चय मात्र सहज सुटू लागला.

१४/ १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे यंत्र बाजारात आले. १९८९ मध्ये सिडनीत पीटर फॅरल यांच्या पुढाकाराने सलिव्हनांच्या संशोधनावर आधारलेली कंपनी उभी राहिली. खळ गेली, मऊ सिलिकॉनच्या कडा आणि पट्टे आले. पुढे दाब हळूहळू चढवणारी 'रॅम्प'ची सोय आली, म्हणजे जागेपणी नाकात एकदम झोत शिरत नाही. नाक आणि घसा कोरडा पडू नये म्हणून हवेला ओलावा देणारे ह्युमिडिफायर आले. या प्रत्येक सुधारणेचा रोख एकच दिसतो : रुग्णालयातली वस्तू निजण्याच्या खोलीत शोभावी.

१५/ या मार्गावर ठेचही लागली. यंत्राचा आवाज शोषून घेण्यासाठी काही यंत्रांत पॉलियुरेथेन फोम घातला जाई. तो झिजून त्याचे कण वा वायू श्वासात जाण्याचा धोका ध्यानात आल्यावर, जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आपली लक्षावधी यंत्रे परत बोलावली. शांततेसाठी घातलेली वस्तूच धोक्याची ठरली. शयनगृहात शिरू पाहणाऱ्या यंत्राला किती अटी पाळाव्या लागतात, याचे हे एक उदाहरण.

१६/ आता माझ्या आवडीच्या पुराव्याकडे येते. १९९३ मध्ये अमेरिकेतील नॅन्सी क्रिब्ज आणि सहकाऱ्यांनी ३५ रुग्णांच्या यंत्रांत नोंद ठेवणारे उपकरण बसवले; रुग्णांना त्याची कल्पना नव्हती. ६० टक्के रुग्णांनी सांगितले, आम्ही रोज रात्री यंत्र लावतो. यंत्रांची नोंद वेगळेच सांगत होती. निरीक्षणातील ७० टक्के दिवशी किमान चार तास, एवढी माफक कसोटी लावूनही ३५ पैकी १६ जणच, म्हणजे ४६ टक्के, उत्तीर्ण झाले.

१७/ संशोधकांनी सोयीसाठी आखलेली ही चार तासांची रेघ पुढे अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेच्या नियमातही आली. यंत्राचा खर्च पुढे चालू राहायचा, तर पहिल्या तीन महिन्यांत सलग ३० दिवसांपैकी ७० टक्के रात्री किमान चार तास वापर दिसला पाहिजे. एका अभ्यासातील मोजपट्टी पाहता पाहता शासनाची अट झाली. पण शरीर चार तासांवर थांबत नाही. उरलेल्या झोपेत मुखवटा नसेल, तर घसा पूर्वीसारखाच मिटतो.

१८/ रुग्ण खोटे बोलले, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. साधनचिकित्सेच्या वर्गात आम्हाला शिकवतात की साक्ष आणि दप्तर यांत अंतर पडले, तर साक्षीदाराला लबाड ठरवण्याआधी तो कोणत्या स्थितीतून बोलतो आहे हे पाहावे. त्या माणसांपैकी काहींनी रात्री मुखवटा खरोखरच लावला असेल. मध्यरात्री अर्धवट झोपेत तो काढला, याची त्यांच्यातील अनेकांना आठवणही नसेल. या आजारात विस्मरण हा साक्षीचाच भाग आहे.

१९/ मग प्रश्न उरतो : चेहऱ्यावर काही बांधून निजणे माणसाला इतके परके का वाटावे? इतिहासाकडे पाहिले तर निजेची तयारी कधीच साधी नव्हती. रॉजर एकर्च यांच्या २००५ च्या 'ॲट डेज क्लोज' या ग्रंथात औद्योगिक क्रांतीपूर्व युरोपची रात्र आहे. दारांना अडसर घालायचे, चुलीतला विस्तव झाकायचा, अंथरुणातल्या उवा-पिसवा शोधायच्या, प्रार्थना म्हणायची, डोक्याला रात्रीची टोपी घालायची. ही सर्व कामे झाल्यावर झोप.

२०/ आपल्याकडेही तेच. चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले. महाराष्ट्रातील कितीतरी घरांत तळपायाला तेल किंवा तूप लावून काशाच्या वाटीने घासण्याची रीत अजून आहे. आणि मच्छरदाणी? रोज बांधायची, चारी बाजूंनी गादीखाली खोचायची, आत डास राहिला नाही ना ते पाहायचे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले आणि या जुन्या जाळीला नवा अर्थ मिळाला. मच्छरदाणीत झोपणाऱ्याला मात्र कोणी रुग्ण म्हणत नाही.

२१/ हा आजार दूरदेशीचाही नाही. मुंबईचे छातीरोगतज्ज्ञ झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये शहरातील मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. झोपेतील श्वसनदोष १९.५ टक्क्यांत आणि दिवसाच्या पेंगेसह असणारा आजार ७.५ टक्क्यांत आढळला. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत निवर्तले, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी याच विकाराचे नाव घेतले आणि अनेक घरांत ते प्रथमच उच्चारले गेले. आमच्याही.

२२/ हे सारे मी बाबांना उत्साहाने ऐकवत असे. ते ऐकत आणि कपाट बंदच राही. एका रात्री ते म्हणाले, "अण्णालाही असाच लावला होता." थोरले काका २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविड कक्षात गेले. बाबांना त्यांचे अखेरचे दर्शन भावाच्या मोबाइलवर आलेल्या एका छायाचित्रात झाले होते : चेहऱ्यावर मुखवटा, त्याला नळी. मी सिडनीचा इतिहास सांगत होते. बाबांच्या मनात या मुखवट्याचा वेगळाच इतिहास होता आणि तो केवळ चार वर्षांचा होता.

२३/ त्यावर खोडून काढण्यासारखे काही नव्हते. दोन्ही मुखवट्यांचे तत्त्व एका कुळातले, हे खरेच. मी एवढेच म्हटले, "बाबा, काकांची फुप्फुसे थकली होती, यंत्र त्यांच्यासाठी झुंजत होते. तुमची फुप्फुसे धडधाकट आहेत. वाटेवरचे दार तेवढे मिटते. हे यंत्र ते उघडे धरते." ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच यंत्र बाहेर काढले आणि आईला म्हणाले, "आधी दिवसा लावून बघतो."

२४/ मग आम्ही त्या यंत्राला रात्रीच्या नेमात जागा करून दिली. विविध भारतीवर दहाचे छायागीत लागले की बाबा खुर्चीत बसून मुखवटा लावतात, यंत्र चालू करतात आणि गाणी ऐकतात. झोपायचे नाही, फक्त बसायचे. पहिले काही दिवस तर यंत्र बंद ठेवून नुसता मुखवटाच होता. चेहऱ्याला सवय झाली, मग निजताना लावणे सुरू झाले. रॅम्पमुळे आरंभी झोत सौम्य असतो. डोळा लागला तर तोवर दाब चढलेला असतो.

२५/ बाकीच्या गोष्टी बारीकसारीक आहेत, पण सारा भार त्यांच्यावरच. ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड वॉटर. उरलेले सकाळी ओतून टाकायचे. मुखवट्याची गादी सकाळी कोमट साबणपाण्याने धुऊन सावलीत वाळवायची, म्हणजे रात्री काम उरत नाही. नळी पलंगाच्या डोक्याकडून वरून घ्यायची, कुशीवर वळताना अडकत नाही. मुखवट्याची बारीक छिद्रे उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी असतात; त्यांची सुसू ही गळती नव्हे, ती बुजवू नयेत. वीज गेली तर यंत्र थांबते, म्हणून ते इन्व्हर्टरवर. दाब किती हे डॉक्टर ठरवतात. त्याला आम्ही हात लावत नाही. काशाची वाटी आईकडे, पूर्वीसारखीच.

२६/ मुखवटा मध्यरात्री निघाला तर? पहिल्या महिन्यात तो बहुतेक रोज निघे. आईने नियम केला : जाग आली की पुन्हा लावायचा, सकाळी चौकशी करायची नाही. क्रिब्जबाईंच्या अभ्यासातील रुग्णांना कदाचित हीच सवलत हवी होती. आपले अपयश कोणी मोजते आहे असे वाटले, की माणूस मोजणाऱ्याला बरे वाटेल ते सांगतो. बाबा आता स्वतःच सकाळी पडद्यावरचा आकडा वाचून दाखवतात. कधी पाच तास, कधी साडेतीन. साडेतीनही मोठ्याने वाचतात.

२७/ आपण इतिहास शोधकांच्या नावाने लिहितो. त्या बांधकाम कामगाराचे नाव या कथेत येत नाही. खळ कालवणाऱ्या पहिल्या रुग्णांचीही येत नाहीत. पण सलिव्हनांची कल्पना एका रात्रीत सिद्ध झाली आणि उरलेल्या हजारो रात्री या माणसांनी, त्यांच्या शेजारी जागणाऱ्यांनी सिद्ध केल्या.

२८/ परवा मी सुटीत घरी होते. रात्री अडीचला जाग आली. पलीकडच्या खोलीतून घोरणे नाही, दचका नाही. दूरवर पाऊस पडत असावा तसा एक सलग, बारीक आवाज. आई झोपली होती. गेल्या कित्येक वर्षांत या वेळी मी तिला झोपलेली पाहिली नव्हती.

२९/ तुमच्या घरी कोणी मोठ्याने घोरत असेल, मध्येच श्वास थांबून दचकत असेल, दिवसा गाडी चालवताना पेंगत असेल, तर हसण्यावारी नेऊ नका. शेजारी झोपणाऱ्याची साक्ष नीट ऐका, ती डॉक्टरांपर्यंत पोहोचवा. आणि यंत्र आधीच आले असून कपाटात असेल, तर त्या माणसाला एकदा विचारा, हा मुखवटा पाहून तुम्हाला काय आठवते?

समाप्त.